चिनी भाषेंतील आज्ञा आणि विनंती



बोलावयास येण्यापूर्वीं मुलाच्या कानांवर जीं वाक्यें पडतात, त्यांत आज्ञेच्या वाक्यांचा भरणा मोठा असतो. ये, बस, खा, नीज, रडूं नको! पुढेंही घरांत, बाजारांत, कचेरींत आणि रणांगणावर माणसांचीं कामें याच वाक्यांनीं हलतात. तथापि शाळेंतील व्याकरणाच्या पुस्तकांत आज्ञार्थी वाक्याच्या वाट्याला फारशी जागा येत नाहीं. एक व्याख्या, दोन उदाहरणें, आणि पुढचा धडा सुरू! आज या उपेक्षित वाक्यप्रकाराविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि त्यासाठीं उदाहरण घेणार आहें तें चिनी भाषेचें. ज्या भाषेंत क्रियापद आपलें रूप कधींच बदलीत नाहीं, त्या भाषेंत माणसें एकमेकांना आज्ञा कशी करतात हें पाहिलें, म्हणजे आज्ञा ही वस्तु मुळांत कोठें वास करते याचा पुष्कळसा उलगडा होतो.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. चीन देशांत बोली अनेक आहेत. येथें चिनी भाषा म्हणजे बीजिंगच्या बोलीवर आधारलेली प्रमाण भाषा समजावी. तिचे उच्चार नागरी लिपींत तंतोतंत उतरत नाहींत. मी देतों ते केवळ जवळपासचे आहेत.

आतां आपल्या मराठींतील 'बस' हा धातु घ्या. मी बसतों, तूं बसतोस, ती बसली, तुम्ही बसाल. काळ, पुरुष, लिंग, वचन या साऱ्यांच्या खुणा क्रियापदाच्या अंगावर दिसतात. आज्ञार्थाचेंही तसेंच आहे: मी बसूं, तूं बस, तुम्ही बसा, तो बसो. संस्कृतांत तर पाणिनीनें आज्ञेसाठीं 'लोट्' हा स्वतंत्र लकारच सांगितला आहे. चिनी भाषेंत बसण्याला 'त्स्वो' म्हणतात. मी 'त्स्वो', तूं 'त्स्वो', ती 'त्स्वो'. कालही 'त्स्वो' आणि उद्यांही 'त्स्वो'. क्रिया पुरी झाली असें दाखवावयाचें असेल तर एखादा लहान शब्द शेजारीं येऊन उभा राहतो. धातु मात्र जागचा हलत नाहीं.

हें पाहून युरोपांतील कित्येक पंडितांना प्रश्न पडला कीं, जेथें रूपें नाहींत तेथें व्याकरण तें कसलें? जर्मन पंडित विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनीं फ्रेंच चिनीतज्ज्ञ आबेल-रेम्यूजा यांस लिहिलेलें एक दीर्घ पत्र १८२७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत याच प्रश्नाचा ऊहापोह आहे. इतर भाषा जें रूपांनीं दाखवितात, तें चिनी भाषा बव्हंशीं शब्दांच्या क्रमावर आणि ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर सोपविते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. ही गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी समजून घेण्यास आज्ञार्थी वाक्यासारखें दुसरें साधन नाहीं.

चिनी व्याकरणांत वाक्यांची विभागणी दोन अंगांनीं करतात. पहिली रचनेवरून: वाक्य केवल आहे कीं जोडलेलें आहे, त्यांत उद्देश्य आणि विधेय हीं दोन्ही आहेत किंवा नाहींत. दुसरी बोलणाऱ्याच्या हेतूवरून. आणि या दृष्टीनें वाक्यें चार प्रकारचीं होतात: विधानाचीं, प्रश्नाचीं, आज्ञेचीं आणि उद्गाराचीं. ही वांटणी आपल्या विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी या वांटणीशीं अगदीं जुळते. भेद आहे तो साधनांचा.

'नी' म्हणजे तूं आणि 'लाय' म्हणजे येणें. 'नी लाय' हें झालें विधान: तूं येतोस. त्याच्या शेवटीं 'मा' हा शब्द ठेवला कीं प्रश्न होतो: 'नी लाय मा?' तूं येतोस का? आपला 'का' आणि त्यांचा 'मा' हे दोघेही वाक्याच्या शेवटींच बसतात. प्रश्नाची दुसरीही एक तऱ्हा आहे. क्रियापद एकदां होकारानें आणि एकदां नकारानें उच्चारावयाचें: 'लाय बू लाय?' येतोस कीं नाहीं? काय, कोण, कोठें हे शब्द असले तर ते वाक्यांत आपल्याच जागीं राहतात. 'तूं काय पितोस?' या मराठी वाक्यांत 'काय' हा शब्द जसा कर्माच्या जागीं बसला आहे, तसाच चिनी वाक्यांतही तो कर्माच्याच जागीं बसतो. इंग्रजींतल्याप्रमाणें त्याला उचलून वाक्याच्या आरंभीं आणावें लागत नाहीं. उद्गारासाठीं 'जन हाव!' म्हणजे 'खरेंच छान!' यासारख्या रचना आहेत.

आणि आज्ञा? 'नी लाय!' तूं ये! म्हणजे विधान आणि आज्ञा यांचे शब्द तेच, क्रमही तोच. मग ऐकणाऱ्यानें ओळखावें कसें? कोणी म्हणेल, आवाजाच्या चढउतारावरून. तें खरें आहे, पण चिनी भाषेंत आवाजाचे हात थोडे बांधलेले असतात. तेथें प्रत्येक शब्दाचा स्वर ठरलेला आहे. 'माय' हा शब्द आवाज खालीं दाबून उच्चारला तर त्याचा अर्थ 'विकत घे' असा होतो. तोच वरून खालीं झटक्यानें आणला तर 'वीक' असा होतो. व्यापाऱ्याच्या मुनिमाला आज्ञा करतांना येथें घोंटाळा झाला तर केवढा अनर्थ होईल! म्हणून वाक्याचा एकंदर चढउतार शब्दाच्या ठरलेल्या स्वराला मोडून टाकूं शकत नाहीं. तो त्याला सांभाळून घेऊनच चालतो. जाव य्वान-रन या थोर चिनी भाषाशास्त्रज्ञांनीं या दोहोंच्या मेळाला मोठ्या लाटेवर उठणाऱ्या लहान तरंगांची उपमा दिली आहे.

तेव्हां भार वाहण्यास दुसरे कोणी पाहिजेत. आणि ते आहेत ते लहान लहान शब्द. जुन्या चिनी पंडितांनीं शब्दांचे दोन वर्ग केले होते: भरीव शब्द आणि पोकळ शब्द. मनुष्य, घोडा, जाणें, येणें हे भरीव. ज्यांना स्वतंत्र वस्तु दाखवितां येत नाहीं ते पोकळ. परंतु हे पोकळ शब्दच वाक्याला माणूसपण देतात. एकाच 'त्स्वो' या क्रियापदावर त्यांची करामत पाहा.

नुसतें 'त्स्वो!' म्हटलें तर 'बस!'. हें मुलाला किंवा अगदीं जवळच्या स्नेह्याला शोभतें. 'त्स्वो बा' म्हटलें तर 'बस ना'. 'त्स्वो यी त्स्वो', शब्दशः 'बस एक बस', म्हणजे 'घटकाभर टेका'. 'छिंग त्स्वो' म्हणजे 'बसावें'. हा 'छिंग' शब्द मुळांत विनंती करणें, आमंत्रण देणें या अर्थाचें क्रियापद आहे. 'नी' म्हणजे तूं, पण वडील माणसासाठीं 'नीन' असा आदराचा शब्द आहे. 'नीन छिंग त्स्वो' म्हणजे 'आपण बसावें'. याहून निराळी रीत अशी कीं, सर्वनाम गाळून नात्याचा किंवा हुद्द्याचा शब्द आरंभीं घालावयाचा: 'लाव-शर, छिंग त्स्वो', गुरुजी, बसा. आणि याच शिडीच्या अगदीं दुसऱ्या टोकाला 'गेय वो त्स्वो श्या!' हें वाक्य आहे. 'गेय' म्हणजे देणें, 'वो' म्हणजे मी. इतर वाक्यांत 'गेय वो' याचा अर्थ 'मला' किंवा 'माझ्यासाठीं' असा साधा असतो. परंतु आज्ञेच्या आरंभीं तो दरडावून आला कीं 'बस म्हणतों ना खालीं!' असा दम त्यांत भरतो. आरंभापासून शेवटापर्यंत 'त्स्वो' मात्र जसाच्या तसा आहे. मराठींत 'बस' आणि 'बसा' यांतील एका काना-मात्रेनें आपण जें काम करतों, तें चिनी मनुष्याला शब्द निवडून करावें लागतें.

यांतील 'बा' हा शब्द मला विशेष मनोवेधक वाटतो. आज्ञेच्या शेवटीं तो आला कीं तिचें सल्ल्यांत रूपांतर होतें. ऐकणाऱ्याला 'नाहीं' म्हणण्यास थोडी जागा राहते. विधानाच्या शेवटीं आला कीं तो होकाराची अपेक्षा दाखवितो. नेमकें हेंच दुहेरी काम आपला 'ना' करतो. 'ये ना' ही विनंती, आणि 'येतोस ना?' ही खात्री करून घेणें. दोन्हीकडे भाव एकच: मी म्हणतों खरा, पण तुझी संमति हवी. दोन भाषांचें कूळ वेगळें, लिपि वेगळी, आणि तरी मनाची ठेवण अशी सारखी!

सर्वच गोष्टी मात्र जुळत नाहींत. क्रियापदाची द्विरुक्ति पाहा. 'खान' म्हणजे पाहणें. 'खान खान' म्हणजे 'जरा बघ, सहज नजर टाक'. आपण 'बघ बघ!' म्हणतों तेव्हां घाई किंवा अचंबा दाखवितों. साधन एक, परंतु तेथें तें आज्ञेचा भार हलका करतें आणि येथें वाढवितें. म्हणून परकी भाषा शिकतांना साधनाच्या बाह्य रूपावर विसंबून चालत नाहीं.

आतां निषेधाकडे वळूं. चिनी भाषेंत साध्या नकाराचा शब्द 'बू' आहे. 'त्सोउ' म्हणजे निघून जाणें. तेव्हां 'बू त्सोउ' म्हणजे 'जाऊं नको' असें कोणालाही वाटेल. परंतु तसें नाहीं. त्याचा अर्थ 'जात नाहीं, जाणार नाहीं' असा होतो. मना करण्यासाठीं शब्द वेगळाच आहे: 'ब्ये त्सोउ', जाऊं नको. मराठींतही 'नाहीं' आणि 'नको' यांचीं राज्यें अशींच वेगळीं आहेत. याहून गंमत पुढें आहे. 'ब्ये' याच्याच अर्थाचा दुसरा शब्द 'बू याव' हा आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'इच्छा नाहीं, पाहिजे नाहीं' असा होतो. चहा पुढें केला असतां चिनी मनुष्य 'बू याव' म्हणतो, आणि मुलाला दंगा करूं नको असें सांगतांनाही 'बू याव' म्हणतो. आपणही 'मला नको' आणि 'जाऊं नको' यांत एकच शब्द वापरतों. स्वतःच्या इच्छेचा अभाव सांगणारा शब्द दुसऱ्याला आवरण्याच्या कामीं येतो, ही घटना दोन्ही भाषांत घडली आहे.

'गरज नाहीं' या अर्थीं 'बू युंग' असे दोन शब्द आहेत. बीजिंगच्या बोलींत त्यांचा संकोच होऊन 'बंग' असा एक शब्द झाला. लिहितांना त्यासाठीं 'बू' या अक्षराखालीं 'युंग' हें अक्षर ठेवून एक अक्षर बनविलें आहे; जणुं आपल्या जुन्या मराठींतील 'न लगे' याचा 'नलगे' झाला तसें. शिवाय प्राचीन ग्रंथांच्या भाषेंतील 'वू' हा निषेधाचा शब्द आहे. कन्फ्यूशियसच्या संवादांचा जो 'ल्वन-यू' नांवाचा ग्रंथ, त्यांतील निषेधवाक्यांत हा शब्द आढळतो. बोलण्यांत आतां तो राहिला नाहीं. पण सार्वजनिक फलकांवर तो अजून जिवंत आहे. 'छिंग वू शी यन', म्हणजे कृपया धूम्रपान करूं नये. विनंतीचा 'छिंग' आणि शास्त्रवचनाचा 'वू' तेथें शेजारीं शेजारीं उभे असतात.

निषेधाच्या शेवटीं 'ल' हा लहानसा शब्द आला कीं अर्थ आणखी बदलतो. 'श्वो' म्हणजे बोलणें. 'ब्ये श्वो' म्हणजे 'बोलूं नको'. अजून तोंड उघडलेलें नसेल तरी म्हणतां येतें. 'ब्ये श्वो ल' म्हणजे बहुधा 'पुरे आतां बोलणें'. येथें बोलणें चालू आहे आणि तें थांबवावयाचें आहे.

आणखी एक विचार करण्यासारखी गोष्ट. कोणत्या क्रियेची आज्ञा करतां येते? बस, ऊठ, लिही म्हणतां येतें, कारण या क्रिया ऐकणाऱ्याच्या हातच्या आहेत. सर्दी होणें ही कोणाच्या हातची गोष्ट नाहीं. तेव्हां 'सर्दी करून घे' अशी आज्ञा शहाणा मनुष्य करीत नाहीं. परंतु 'ब्ये जाव ल्यांग', म्हणजे 'गारठा लावून घेऊं नको', हें चिनी आई सहज म्हणते. होकारी आज्ञा हातच्या क्रियेचीच होते. निषेध मात्र हातच्या नसलेल्या क्रियेचाही होऊं शकतो, कारण तेथें मागितलेली असते ती सावधगिरी. य्वान यू-लिन या अभ्यासकाचें चिनी आज्ञार्थी वाक्यांवरील एक संपूर्ण पुस्तक १९९३ सालीं निघालें आहे. चार ओळींत गुंडाळल्या जाणाऱ्या या विषयावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा, यांतच त्याचें महत्त्व दिसून येतें.

आज्ञा करणारा स्वतःही त्या कामांत सामील असेल तर? मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. 'आम्ही जातों' यांत ऐकणारा वगळला जातो, 'आपण जाऊं' यांत तो धरला जातो. बीजिंगच्या बोलींतही 'वो-मन' आणि 'त्सा-मन' अशीं दोन सर्वनामें आहेत, आणि 'त्सा-मन' म्हणजे आपला ऐकणाऱ्याला धरून असणारा 'आपण'च. 'त्सा-मन त्सोउ बा', चला, आपण निघूं या. इंग्रजीला एकाच 'वुई'वर भागवावें लागतें. मराठी मनुष्याला मात्र हा धडा शिकवावा लागत नाहीं. तो घरूनच शिकून आलेला असतो.

हें सारें व्याकरण लिहून काढण्याचा इतिहासही बोधप्रद आहे. फ्रान्सिस्को वारो या स्पॅनिश मिशनऱ्याचें चिनी व्याकरण १७०३ सालीं कँटन येथें छापलें गेलें. त्याचा सांचा लॅटिन व्याकरणाचा होता. चिनी मनुष्यानें आपल्या भाषेचें पद्धतशीर व्याकरण लिहिलें तें १८९८ सालीं. मा ज्यन-जुंग यांचा तो ग्रंथ 'मा-शर वन-थुंग' या नांवानें प्रसिद्ध आहे. तोही पाश्चात्य व्याकरणाच्या वळणावरच होता, आणि त्यांतील भाषा प्राचीन ग्रंथांची होती. लोकांच्या बोलण्याच्या भाषेचें व्याकरण ली जिन-शी यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानंतर १९४० च्या दशकांत वांग ली आणि ल्यू शू-श्यांग यांनीं परकी सांचा बाजूला सारून भाषेच्या अंगभूत नियमांकडे पाहण्याचा मोठा प्रयत्न केला. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण १८३६ सालचें आणि मोरो केशव दामले यांचें १९११ सालचें. परक्या मापानें आपलें अंग मोजावयाचें, मग तें माप कोठें कमी पडतें हें ओळखावयाचें, या वाटेनें आपणांलाही जावें लागलें.

चिनी व्याकरणकारांनीं आज्ञार्थी वाक्याला जें नांव दिलें तेंही ऐकण्यासारखें आहे. 'छी-शर-ज्यू'. 'ज्यू' म्हणजे वाक्य. 'शर' म्हणजे करावयास लावणें. आणि 'छी' म्हणजे प्रार्थना करणें, याचना करणें. याचनेनें करावयास लावणारें वाक्य! आपल्या 'आज्ञार्थ' या नांवांत वरून खालीं येणारा हुकूम तेवढा आहे. विनंती, उपदेश, आशीर्वाद यांना आपण मागाहून त्याच घरांत जागा करून देतों. त्यांच्या नांवांत याचना आधीं आहे आणि करविणें नंतर.

यावरून चिनी लोक आपल्यापेक्षां अधिक नम्र आहेत असें अनुमान काढणें हें उतावळेपणाचें होईल. नम्रता नांवांत नसते, ती बोलणाऱ्यांत असते. आणि दरडावणारा 'गेय वो' आपण नुकताच पाहिला. माझें म्हणणें एवढेंच कीं, आज्ञा क्रियापदाच्या पोटांत राहत नाहीं. ती दोन माणसांच्या मधल्या जागेंत राहते. कोण कोणाला सांगतो, कोणत्या अधिकारानें, ऐकणाऱ्याला 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक किती, हें सारें ठरल्याखेरीज वाक्य पुरें होत नाहीं. मराठींत आपण तें प्रत्ययांत लपवितों, म्हणून तें आपल्या ध्यानांत येत नाहीं. चिनी भाषेंत तें उघड्यावर शब्दशब्दांनीं मांडावें लागतें, म्हणून स्पष्ट दिसतें. ज्या भाषेला व्याकरण नाहीं असें एके काळीं लोकांना वाटलें, तिनें व्याकरण कशासाठीं असतें हें आपणांला दाखवावें, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

आणि ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथली भाषा शिकले, युद्धांत जखमी झालेल्यांची शुश्रूषा करीत राहिले आणि १९४२ सालीं तेथेंच वारले. परक्या देशांत शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या वैद्याला कोणतीं वाक्यें आधीं शिकावीं लागत असतील? विधानें नव्हेत. हलूं नका, श्वास घ्या, पाणी प्या. आणि या सर्वांच्या आधीं 'ब्ये फा', भिऊं नका. भिणें कोणाच्या हातचें नाहीं, म्हणून त्याचा निषेध म्हणजे हुकूम होऊंच शकत नाहीं. तो दिलासाच होतो. व्याकरणाच्या पुस्तकांत हें वाक्य निषेधाच्या सदराखालीं येईल. ज्याच्या कानांवर तें अशा वेळीं पडतें, तो त्याला निराळेंच नांव देईल.

चिनी घरांतून पाहुणा निघाला कीं यजमान दारापर्यंत येऊन 'मान त्सोउ' म्हणतो. 'मान' म्हणजे सावकाश, आणि 'त्सोउ' म्हणजे जाणें. सावकाश जा. आपल्याकडेही निरोपाचे शब्द हेच आहेत. रूपानें ही आज्ञा आहे. पण तो सावकाश जातो कीं भरभर जातो हें पाहण्यास कोणी दारांत थांबत नाहीं. आपणां सर्वांस तेंच म्हणून मी रजा घेतों.